कावळे कामून मेले?

माझी मावशी लातूर जिल्ह्यात उदगीरला राहते. जानेवारी २०२५ मध्ये तिथे झाडांखाली कावळे पटापट मरून पडू लागले. पन्नासच्या आसपास मेले. कुणी म्हणे विष घातलं, कुणी म्हणे थंडी बाधली. मग मेलेले कावळे तपासायला पाठवले. भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितले की हा बर्ड फ्लू आहे. आमच्या घरी सात कोंबड्या आहेत, म्हणून मला लय भेव वाटलं. त्याच्या आधी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, तोही ह्याच रोगाने.

पण मेलेला प्राणी बोलत नाही, मग कळतं कसं? मी आमच्या गावी येणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, आधी चाकू लावायचा नाही, आधी बघायचं. कुठे पडला? एकटाच मेला का पुष्कळ मेले? पायाला करंटचा चट्टा आहे का? गोळीचं भोक आहे का? मग पोट फाडतात. त्याला शवविच्छेदन म्हणतात. पोटातले दाणेसुद्धा बघतात. विषाचा संशय असला तर पोट, काळीज, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या घट्ट पाण्यात घालून बरणी सील करतात. रोगाचा संशय असला तर नमुना बर्फात ठेवतात. बरणी तपासणारी सरकारी प्रयोगशाळा आपल्या छत्रपती संभाजीनगरातही आहे. हे सगळं लवकर करावं लागतं. उन्हाळ्यात एका दिवसात कुजतं, मग काही कळत नाही.

आमचे आजोबा सांगतात, पूर्वी बैल मेला की गिधाडं उतरायची. आता एकही दिसत नाही. मेलेल्या गिधाडांच्या पोटात काळजावर चुन्यासारखी पांढरी पूड दिसायची. त्यांची मूत्रपिंडं बिघडलेली असायची. २००४ साली शास्त्रज्ञांना कारण सापडले. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत. ते गुरू मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाड मरे. २००६ साली आपल्या देशात ते औषध गुरांना द्यायला बंदी झाली.

मागच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत आम्हा पोरांना बांधावर मेलेला मोर दिसला होता. आम्ही पिसं वाटून घेतली आणि कुणाला सांगितलं नाही. हे ऐकून डॉक्टर रागावले. म्हणाले, हात लावायचा नाही, वनरक्षकाला सांगायचं. त्यानं औषध लावलेलं बियाणं खाल्लं असेल का? का रोग होता? आता ते कळणार नाही, तो कुजून गेला.

माझं पीस भूगोलाच्या पुस्तकात होतं. मायनं ते चुलीत टाकलं आणि मला साबणानं दोनदा हात धुवायला लावले.