आधी बी-१२ बघा

स्मृतिभ्रंशाचा आढावा १९०६ साली आलोइस अल्झायमरपासून सुरू करण्याचा शिरस्ता आहे. तो इतिहास आणि अमायलॉइडवरच्या नव्या महागड्या इंजेक्शनांची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती ओलांडतो. प्रवरेकाठी कोल्हारच्या पंचक्रोशीत वैद्यकी करताना मी ज्या एका तपासणीसाठी हट्ट धरत आलो, ती बी-१२ जीवनसत्त्वाची.

उपासमारीने डोकं बिघडतं, हे दख्खनला कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांना पेलाग्रा होई: आधी कातडी काळवंडे, मग जुलाब, मग भ्रम. हैदराबादेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. नायसिन हे जीवनसत्त्व पोटात गेलं की भ्रमिष्ट माणूस ताळ्यावर येई. डॉक्टरांची ती पिढी गेली आणि आहार विचारायची सवयही तिच्याबरोबर गेली. आज आजोबा दोनदा रस्ता चुकले की थेट एमआरआय. दात आहेत का, दूध मिळतं का, मधुमेहाची मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे, हे प्रश्न राहूनच जातात. मेटफॉर्मिनने बी-१२ उतरतं, पित्ताच्या गोळ्यांनीही उतरतं. आणि या दोन्ही गोळ्या आमच्याकडच्या घराघरांतल्या फळीवर असतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिकांचं २००६चं काम मी भेटेल त्याला सांगत आलो आहे. खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. खाऊनपिऊन सुखी घरांची ही गत! बी-१२ भाजीपाल्यात नाही. ते दूध, अंडी, मांस, मासळीत. माळकरी घरात उरतं फक्त दूध, आणि आमच्या भागात गोठे भरलेले असूनही ते पहाटेच डेअरीला जातं. म्हाताऱ्यांच्या वाट्याला चहापुरतं राहतं.

बी-१२ घटलं की रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल चढतं. ते १४च्या वर असलेल्यांत अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट, असं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात २००२मध्ये दिसलं. ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड स्मिथ यांच्या चमूने विस्मरणाची सुरुवात झालेल्यांना दोन वर्षं फॉलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२ दिलं. २०१०मध्ये निकाल आला: मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला, आणि होमोसिस्टीन जास्त असलेल्यांत फायदा अधिक.

यावर काही विद्वान मला स्मृतिभ्रंशावरच्या २०२४च्या लॅन्सेट आयोगाची यादी दाखवतात. टाळता येण्याजोगी १४ कारणं, त्यांत जीवनसत्त्व एकही नाही. यादी मला मान्य आहे. पण ती लोकसंख्येचा हिशेब मांडते. समोर बसलेल्या, हातापायांना मुंग्या येणाऱ्या, विसरू लागलेल्या आजीचं रक्त तपासू नका असं ती कुठेही म्हणत नाही. मुरलेला अल्झायमर बी-१२ने परतत नाही, हे मीही प्रत्येक घरी सांगतो. निव्वळ कमतरतेतून आलेलं विस्मरण मात्र वेळेत इंजेक्शन मिळालं तर सुधारतं, आणि ते इंजेक्शन स्वस्त आहे.

स्मृतिभ्रंशातल्या दाहाबद्दलही हल्ली फार लिहिलं जातं. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी सतत चेतलेल्या राहून चेतापेशींचं नुकसान करतात, हे आता पक्कं होत आलं आहे. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी स्मृतिभ्रंश रोखायचे प्रयत्न फसले. मला महत्त्वाची वाटते ती दाह आणि कमतरता यांची गुंतवळ. रुग्ण जेवायचं विसरतो, कवळी बसत नाही, हिरड्या सुजतात, लघवीला जंतुसंसर्ग होतो. अंगात दाह असला की क आणि बी-६ जीवनसत्त्वांचे रक्तातले आकडे खाली येतात, मग खाणं ठीक असो वा नसो. बी-१२चं उलट: यकृत बिघडलं असेल तर ते आत कमी असूनही अहवालात भरपूर दिसतं. म्हणून तापात काढलेल्या एका अहवालावर बाटल्या लिहून देणारे आणि ‘नॉर्मल’ शब्द वाचून फाइल मिटणारे, दोघांशीही माझं भांडण आहे. दाह दाखवणारं सीआरपी सोबत बघावं, ताप उतरल्यावर पुन्हा तपासावं, शंका असेल तर होमोसिस्टीन करावं. आणि बी-१२ न बघता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देत राहू नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण मज्जारज्जूची हानी चालूच राहते.