कैदी राज्याचा, कोठडी शेरिफची

आपल्याकडे कारागृह मध्यवर्ती असो की जिल्ह्याचे, कारभार राज्याच्या एकाच विभागाचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तसे नाही. कच्चे कैदी स्थानिक तुरुंगात, म्हणजे सहसा निवडून आलेल्या शेरिफच्या ताब्यात. मोठी शिक्षा झालेले पक्के कैदी राज्याच्या तुरुंगात. लुइझियानात ही वाटणी केव्हाच मोडली. राज्याचे जवळपास निम्मे कैदी तिथे शेरिफांकडेच मुक्कामाला असतात.

सुरुवात अडचणीतून झाली. १९७५ मध्ये संघीय न्यायालयाने राज्याच्या अँगोला या मुख्य तुरुंगातल्या गर्दीवर बोट ठेवले. जास्तीचे कैदी पॅरिशच्या (तिथली काउंटी म्हणजे पॅरिश) तुरुंगांत राहू लागले. १९९०च्या दशकात शेरिफांनी मुद्दाम मोठे तुरुंग बांधले, काहींनी खासगी पैसा घालून.

कारण राज्य माणशी रोजचे पैसे मोजते. कितीतरी वर्षे हा दर २४.३९ डॉलर होता. राज्याला स्वतःच्या तुरुंगात याच्या दुपटीहून जास्त खर्च येतो, त्यामुळे सौदा त्याला स्वस्तच. शेरिफ त्यातून जेवण, पहारा, औषधपाणी भागवतो आणि उरेल ते गस्तीच्या गाड्यांना, शिपायांच्या पगाराला लावतो. मग लॉजवाल्याला रिकामी खोली खुपावी तशी त्याला रिकामी खाट खुपते. काटछाट होते ती शिकवण्या आणि कामधंद्याच्या प्रशिक्षणात. परिणाम विचित्र आहे: कारखाने, वर्ग अँगोलात, जिथले बरेच कैदी जन्मठेपेचे, आणि दोन-तीन वर्षांत घरी जाणारे पॅरिशमध्ये रिकामे बसलेले.

खरी गुंतागुंत सुटकेच्या दिवशी कळते. कैदी शेरिफकडे, पण शिक्षेचा हिशेब राज्याच्या खात्याकडे. निकालाचे कागद न्यायालयाच्या कचेरीतून शेरिफकडे, तिथून राजधानी बॅटन रूजला. तिथे तारीख निघणार, मग तुरुंगाला कळणार. कागद कुठेही रेंगाळला की माणूस आतच. जानेवारी २०२३ मध्ये संघीय न्याय खात्याने अहवाल दिला: २०२२च्या पहिल्या चार महिन्यांत सुटलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक मुदत संपूनही कोंडलेले होते, काही तर नव्वद दिवसांहून जास्त. त्या जादा दिवसांचे भाडेही राज्याने शेरिफांना चुकते केले, अंदाजे साडेआठ लाख डॉलर.