संघ कोणाचा?

आमच्या राहाता तालुक्यात हंगाम म्हटला म्हणजे तो पेरूचा किंवा उसाचा, हे कोणीही सांगेल. पण आता खेळांनाही हंगाम असतात, आणि तरुण मंडळी त्यांकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहू लागली आहेत. घरातील एखादा मुलगा ‘मी खेळासच वाहून घेणार’ असे म्हणाला, की आजोबांपासून काकूंपर्यंत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : हे टिकेल काय? प्रश्न रास्त आहे. एका नवख्या संघाच्या कथेवरून त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

२०१२ साली ‘पुणे मराठाज’ नावाचा व्यावसायिक संघ अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात उतरला. नाव फुटबॉल असले तरी या खेळात पायांचे काम थोडेच. लांबट चेंडू घेऊन शंभर यार्डांच्या मैदानावर प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरावयाचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड भूमी जिंकली तर चेंडू आपणाकडे राहतो. न जिंकल्यास तो प्रतिपक्षाकडे जातो. शेवटची रेषा गाठली की सहा गुण. शिरस्त्राणे घातलेले अकरा-अकरा गडी परस्परांस भिडतात. कबड्डी जाणणाऱ्या वाचकांस यातील मर्म समजण्यास वेळ लागणार नाही. संघांतील पुष्कळसे गडीही रग्बी, कबड्डी अशा खेळांतूनच आलेले होते.

पहिल्याच हंगामात पुण्याने दिल्लीच्या संघास नमवून अजिंक्यपद मिळविले. परंतु सामने झाले कोलंबोस! नाव पुण्याचे, मैदान परक्याचे आणि प्रेक्षक दूरचित्रवाणीपुढे. गड्यांच्या पराक्रमात उणे काहीच नव्हते. पण ‘हा आमचा संघ’ असे म्हणणारे गाव त्यांच्या पाठीशी उभे राहू शकले नाही. त्या अजिंक्यवीरांपैकी एकाचे तरी नाव आज पुण्यात किती घरांत ठाऊक असेल?

याच खेळाच्या मायभूमीत उलट उदाहरण आहे. विस्कॉन्सिन प्रांतातील ग्रीन बे हे १९२० च्या सुमारास एकतीस हजार वस्तीचे गाव. कर्ली लॅम्बो या तरुणाने १९१९ साली तेथे संघ उभारला. गणवेशासाठी एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने पाचशे डॉलर दिले, त्यावरून संघाचे नाव ‘पॅकर्स’ पडले. मैदानास कुंपण नव्हते, म्हणून प्रेक्षकांत टोपी फिरवून वर्गणी गोळा करीत. अकरांपैकी दहा सामने जिंकूनही हंगामाअखेर प्रत्येक गड्याच्या वाट्यास जेमतेम सोळा डॉलर पाऊण आले! पुढे पावसाने सामन्यांची मिळकत बुडविली व संघ कर्जात गेला. तेव्हा १९२३ साली गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे भाग विकत घेऊन तो तगविला. या भागांवर नफा मिळत नाही. तरी आज भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत, आणि संघ त्याच लहान गावात नांदत आहे.

आमच्या वाचकांस हे नवल वाटू नये. आज राहाता तालुक्यात असलेल्या प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी भाग घेऊनच साखर कारखाना उभारला, आणि १९५० साली त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. ज्यात आपला पैसा व घाम असतो, ते पडत्या काळी सोडवत नाही.

पुण्याच्याच दुसऱ्या संघाकडे पाहा. ‘पुणेरी पलटण’ २०१४ च्या पहिल्या व्यावसायिक कबड्डी हंगामात आठांपैकी शेवटची आली. दुसऱ्या वर्षीही शेवटचीच. पण सामने बालेवाडीस होत, खेळ पोराटोरांच्या ओळखीचा होता, लोक पाहावयास येत राहिले. दहाव्या हंगामात, मार्च २०२४ मध्ये, तिने हरियाणाच्या संघास २८-२५ असे हरवून अजिंक्यपद घेतले. तिचा कर्णधार अस्लम इनामदार हा आपल्याच जिल्ह्यातला!

तेव्हा वडील मंडळींनी मुलास ‘पहिल्या वर्षी काय मिळेल?’ एवढेच विचारून थांबू नये. तो संघ कोणाचा, खेळ कोठे रुजलेला, आणि पराभवाच्या वर्षी पाठीशी कोण राहील, हेही विचारावे. या प्रश्नांस समाधानकारक उत्तर मिळत असेल, तर मुलास खुशाल आशीर्वाद द्यावा. आणि सामन्याच्या दिवशी घरातील सर्वांनी मैदानावर जाऊन बसावे, हे तर आशीर्वादाहूनही मोलाचे.