जमीन वस्तीची, घर आपले

अमेरिकेतील बोस्टन शहरात, रॉक्सबरी भागात, डडली स्ट्रीट ही कृष्णवर्णीय व स्थलांतरित कष्टकऱ्यांची वस्ती आहे. १९८० च्या आधीपासून तेथे काही मालकांनी विम्याच्या पैशासाठी घरे पेटवून दिली. सुमारे तेराशे भूखंड ओसाड पडले आणि बाहेरचे लोक तेथे कचरा ओतू लागले. १९८४ साली सुधारणेसाठी संस्था निघाली, पण नियोजित कार्यकारिणीत रहिवासी मोजकेच! लोकांनी भर सभेत जाब विचारला, तेव्हा बहुमत रहिवाशांचे झाले. त्यांनी प्रथम कचऱ्याविरुद्ध मोहीम काढली. १९८८ साली तर ओसाड खाजगी जमीन मोबदला देऊन सक्तीने संपादन करण्याचा अधिकार मिळवला. हा अधिकार एरवी सरकारी यंत्रणेचा.

महत्त्वाचे पुढेच आहे. घर कुटुंबाच्या मालकीचे, जमीन मात्र वस्तीच्या न्यासाची, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. घर विकताना ठरलेल्या मर्यादेबाहेर किंमत घेता येत नाही. त्यामुळे आसपास भाव चढले तरी पुढचा खरेदीदारही बेताच्या मिळकतीचाच. (आम्हा बँकवाल्यांना असे तारण जरा अवघडच वाटते.) २००८ च्या सुमारास अमेरिकेत कर्जे थकून घरोघरी जप्त्या आल्या, तेव्हा या न्यासाच्या जमिनीवरील बहुतेक सर्व घरे टिकली.