लॉक धरावं, पण क्षणभरच

गोंदिया शहराजवळच्या बिरसी विमानतळाची मूळ धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. आज तिथून प्रवासी विमानं उडतात आणि राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी सरावाच्या फेऱ्याही मारतात. धावपट्टी मात्र एकच. तिच्यावर एका वेळी एकच विमान, हा नियम सुरक्षेचा आहे. तो मोडता येत नाही. मग गर्दी वाढली की प्रत्येकाने पट्टी कमीत कमी वेळ अडवायची, एवढंच हाती उरतं. तपासणी, इंजिनाची चाचणी ही कामं बाजूला उरकायची आणि पट्टीवर यायचं ते उडायलाच. संगणकात आपली माहिती सांभाळणाऱ्या जर्नलिंग फाइल सिस्टिमचा गेल्या वीस-बावीस वर्षांतला प्रवास नेमका याच दिशेने झाला आहे.

जर्नल कशासाठी?

एक नवी फाइल तयार करायची तर डिस्कवर अनेक ठिकाणी बदल करावे लागतात: फोल्डरच्या यादीत नाव, फाइलच्या माहितीचा तक्ता, रिकाम्या जागेचा नकाशा. यातले दोन बदल झाले आणि तिसऱ्याच्या आधी वीज गेली, तर डिस्कवरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. पूर्वी अशा वेळी संपूर्ण डिस्क तपासावी लागे आणि मोठ्या सर्व्हरवर त्यात तासन्‌तास जात.

जर्नलने हा प्रश्न सोडवला. होऊ घातलेले सगळे बदल आधी एका राखीव जागेत लिहायचे, शेवटी ‘पूर्ण’ अशी खूण करायची, आणि मगच ते मूळ जागी न्यायचे. वीज गेलीच तर संगणक पुन्हा सुरू होताना फक्त जर्नल वाचतो. खूण असलेले बदल पुरे करतो, अर्धवट राहिलेले सोडून देतो. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये ही रचना मांडली. २००१ मध्ये ती एक्स्ट३ या नावाने लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आली आणि २००८ मध्ये तिची पुढची आवृत्ती एक्स्ट४ स्थिर झाली.

गर्दी कुठे होते?

जर्नल एकच आणि त्यात लिहू पाहणारे प्रोग्राम असंख्य. दोघांनी एकाच क्षणी हिशेब बदलला तर तो बिघडेल, म्हणून लॉक लागतं. एका प्रोसेसर कोरने ते धरलं की बाकीचे थांबतात. दोन-चार कोर असताना हे जाणवत नाही. पन्नासच्या घरात गेले की जाणवतं.

जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे डोळे उघडतो. एखाद्या कामातला फक्त पाच टक्के भाग एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर ४८ कोर लावूनही वेग जेमतेम चौदा पट होतो. कोर कितीही वाढवले तरी तो वीस पटींपलीकडे जाणारच नाही. प्रत्यक्षात अवस्था याहून वाईट होते, कारण लॉकची एकच नोंद प्रत्येक कोरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या जवळच्या मेमरीत, आळीपाळीने ओढली जाते आणि त्या ओढाताणीतच वेळ जातो.

एकेक गाठ सुटत गेली

सुरुवातीला एक्स्ट३ चं जर्नल संपूर्ण कर्नलच्या एकाच मोठ्या लॉकवर अवलंबून होतं. २००३ च्या सुमारास अँड्र्यू मॉर्टन आणि अॅलेक्स टोमास यांनी ते काढून त्या जागी लहान लहान लॉक आणले.

पुढची मोठी पायरी २०१० ची. एक्स्ट४ मध्ये प्रत्येक काम सुरू होताना चालू ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात, आपली नोंद करतं आणि संपल्यावर तसं कळवतं. दोन्ही वेळा लॉक लागे. टेड त्सो यांनी या मोजदादीचे आकडे अविभाज्य, म्हणजे अॅटॉमिक, केले. त्यामुळे ‘माझं काम संपलं’ एवढं सांगायला लॉकची गरज उरली नाही. जर्नलची स्थिती सांभाळणारं लॉकही वाचणाऱ्यांना एकत्र आत येऊ देणारं झालं. त्याच काळात एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये डेव्ह चिनर यांनी बदल आधी मेमरीत साठवून एकत्रित लिहिण्याची पद्धत आणली. एकच तक्ता शंभरदा बदलला तरी जर्नलमध्ये त्याची अखेरची स्थिती एकदाच जाते.

महाराष्ट्राचाही या विषयाशी जुना संबंध आहे. १९९१ च्या व्हेरिटास फाइल सिस्टिमची गणना युनिक्सवरच्या सुरुवातीच्या व्यावसायिक जर्नलिंग सिस्टिममध्ये होते, आणि ती बनवणाऱ्या व्हेरिटास कंपनीचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं. या फाइल सिस्टिमच्या क्लस्टर आवृत्तीत अनेक संगणक एकच डिस्क वापरतात. तिथे लॉक मिळवायला नेटवर्कवरून निरोप धाडावा लागतो, म्हणून प्रत्येक अनावश्यक लॉक आणखी महाग पडतं.

अलीकडच्या कामात हर्षद शिरवडकर हे नाव ठळक आहे. एखाद्या डेटाबेसने ‘माझी ही फाइल आत्ताच पक्की कर’ म्हटलं, की नेहमीच्या पद्धतीत पूर्ण ट्रान्झॅक्शन बंद करून पक्कं, म्हणजे ‘कमिट’, करावं लागतं. नव्यांना थांबवायचं, आत असलेल्यांचं काम संपू द्यायचं, आणि इतरांच्या फाइलींचे बदलही सोबत लिहायचे. शिरवडकरांनी एक्स्ट४ मध्ये ‘फास्ट कमिट’ आणलं. त्यात मागितलेल्या फाइलीत काय बदललं याची अगदी लहान नोंद लिहिली जाते. पूर्ण कमिट ठरल्या वेळी होतच राहतं. डिसेंबर २०२० च्या लिनक्स ५.१० मध्ये ते दाखल झालं. सौरभ कडेकोडी आणि टेड त्सो यांच्यासह त्यांनी लिहिलेला त्यावरचा शोधनिबंध २०२४ मध्ये युझनिक्सच्या परिषदेत मांडला गेला.

तरीही एक अडचण शिल्लक होती. फास्ट कमिट चालू असेपर्यंत जर्नल सगळ्यांसाठी बंद राही. २०२५ मधल्या लिनक्स ६.१६ मध्ये शिरवडकरांच्याच बदलांनी तीही दूर झाली. आता जर्नल थांबतं ते कोणत्या फाइली पक्क्या करायच्या यावर खूण करण्यापुरतं. खूण झाली की लॉक सुटतं, आणि प्रत्यक्ष लिखाण चालू असताना इतरांची कामंही पुढे सरकतात.

वेग आणि वचन

हे सगळं करताना एक गोष्ट कुणी सोडली नाही: वीज गेली तरी हिशेब जुळलाच पाहिजे. नुसतं लॉक काढून टाकणं सोपं आहे, पण तसं केलं तर कधीतरी, कुणाच्या तरी नोंदी पुसल्या जातील. म्हणून खरं कौशल्य आहे ते लॉकच्या आत नेमकं काय असायलाच हवं हे ओळखण्यात. आपण फोनवरून पैसे पाठवतो, दाखला काढतो, फोटो जपतो. ही माहिती जिथे साठते तिथे कुठेतरी असं जर्नल इमानाने काम करत असतं.

गोंदिया, नागपूर, अमरावतीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लिनक्सचा हा सगळा कोड खुला आहे. ‘एफएस’ या फोल्डरात ‘जेबीडी२’ हा जर्नलचा भाग उघडा आणि वाचा. कर्नलमधली ‘लॉकस्टॅट’ ही मोजणीची सोय चालू करून कुठलं लॉक किती वेळ अडतं ते आपल्याच संगणकावर मोजा. जगभर वापरल्या जाणाऱ्या या कामात भर घालायला मोठं शहर लागत नाही. लागतो तो चिकाटीने वाचण्याचा आणि मोजण्याचा सराव. तो याच वर्षी सुरू करा.