हिस्लॉप कॉलेजच्या पोटातला लाव्हा

जबलपूरच्या कांचघर भागातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात आजोबांचं पदवीपत्र नागपूर विद्यापीठाचं निघालं, तर नवल नाही. १९२३ नंतर बरीच वर्षं जबलपूरची कॉलेजं त्याच विद्यापीठाखाली होती. पण नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्या विद्यापीठाहूनही चाळीस वर्षांनी जुनं, १८८३ सालचं. त्याचं मूळ शोधत गेलं की आपण थेट एडिंबरोला पोचतो.

मे १८४३. गावचा धर्मोपदेशक जमीनदाराने लादायचा की मंडळींनी निवडायचा, या वादावरून साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चमधून उठून बाहेर पडले. पगार गेला, राहती घरं गेली. मुंबईत त्यांच्या बाजूचे मिशनरी जॉन विल्सन यांनी शाळेची नवी बांधलेली इमारतही सोडली. अशा कफल्लक 'फ्री चर्च'ने खर्च कशावर करावा? शिक्षणावर! त्यांनी त्याच वर्षी एडिंबरोत स्वतःचं कॉलेज काढलं आणि दोन वर्षांत त्यांचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात येऊन दाखल झाले. त्यांनी १८४६ साली शाळा सुरू केली. पुढच्या कॉलेजचं बीज तेच.

मला खरं थक्क करतं ते पुढचं. शाळेचा व्याप सांभाळून हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर रानोमाळ दगड बघत हिंडायचे. १८५१ साली नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना खडकात शिंपले सापडले, तेही गोड्या पाण्यातले आणि काळ्या लाव्हाच्या दोन थरांच्या मधोमध! म्हणजे एक लाव्हा वाहून थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात गोगलगायी नांदल्या आणि मग दुसरा लाव्हा आला. दख्खनचं पठार एका दमात घडलेलं नाही, याचा हा हातात धरता येणारा पुरावा. नागपूरजवळच्याच कामठीच्या वालुकाश्मात पानांचे ठसेही मिळतात, ते ग्लोसॉप्टेरिस या वनस्पतीचे. हीच वनस्पती पुढे अंटार्क्टिकाच्या दगडांतही सापडली आणि हे भूभाग कधीकाळी एकत्र होते, या विचाराला बळ मिळालं.

दगडांच्या जोडीला हिस्लॉप यांनी गोंड आदिवासींच्या लिंगो या पुराणनायकाची गाथाही टिपून ठेवली होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना ते पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून घेतले. म्हणूनच लिंगोची ती कथा आज आपल्याला वाचायला मिळते.