‘लेडी कॅप्टन’ असा हुद्दा नसतो

डोळखांब-किन्हवलीकडे सैन्यात जायचं म्हणणाऱ्या मुलीला कोणी ना कोणी ऐकवतंच, “बायकांना नुसतं लेडी कॅप्टन करतात. खरा कॅप्टन पुरुषच.” सांगणाऱ्याचा ठामपणा असा, की जणू सैन्याची नियमावली त्यानेच लिहिली!

गैरसमज : सैन्यात बायकांचे हुद्दे वेगळे आणि एक पायरी खालचे.

वस्तुस्थिती : साफ खोटं. लष्करात कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात, मग ती बाई असो की पुरुष. लेफ्टनंट जनरलच्या खांद्यावर राजमुद्रा आणि तिच्याखाली तलवार-दंडाची फुली. माधुरी कानिटकर २०२० मध्ये या हुद्द्यावर पोचल्या. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल. दोघांच्या खांद्यावरची चिन्हं तीच. मग माधुरीताईंना काय ‘जनरलीण’ म्हणायचं?

घोळ होतो तो सुभेदारीण, पाटलीण या शब्दांमुळे. तो नवऱ्याच्या हुद्द्यामुळे मिळणारा मान. त्यात अधिकार नाही. गावात बाई स्वतः पोलीस पाटील झाली, तर तिच्या शिक्क्यावर ‘पोलीस पाटील’च असतं.

वेगळे हुद्दे होते ते इंग्रजांकडे. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या स्त्रियांच्या सैनिकी दलात कॅप्टनच्या बरोबरीचा हुद्दा ‘ज्युनिअर कमांडर’ होता. राजकन्या असताना एलिझाबेथ यांनाही १९४५ मध्ये तोच मिळाला. पुढे तिथेही हे वेगळेपण मोडीत निघालं. आपल्याकडे मात्र त्याच काळात आझाद हिंद सेनेतल्या लक्ष्मी स्वामीनाथन सरळ ‘कॅप्टन लक्ष्मी’ होत्या.

आणखी काही गैरसमज :

‘मिलिटरीतल्या नर्स म्हणजे नुसत्या सिस्टर.’ नाही. त्या कमिशन मिळालेल्या अधिकारी असतात, सुरुवातच लेफ्टनंटपासून.

‘बाई जवान होऊ शकत नाही.’ लष्करी पोलीस दलात महिला जवानांची पहिली तुकडी २०२१ मध्येच दाखल झाली.

‘खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुलांचीच.’ २०२२ पासून मुलीही आहेत. पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

‘बायकांना ठरावीक वर्षांनी घरी पाठवतात.’ कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याचा, हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात मान्य केला आहे.

तेव्हा सत्काराचा फलक लिहिणाऱ्यांनो, हुद्द्याआधी ‘लेडी’ किंवा ‘महिला’ लावू नका. ‘कॅप्टन आल्या’ एवढं म्हटलं तरी मराठी माणसाला सगळं कळतं.